हात पास, चेहरा नापास

"थांब. दिसलं मला. भुवई हलली तुझी."

"कुठे हलली, आई?"

"डावी. मी 'उन्मेषची नोकरी गेली' म्हटलं आणि ती वर गेली. चल, पुन्हा पहिल्यापासून."

मी सोफ्यावर आडवी पडले होते आणि माझी सून मधुवंती माझ्या पोटावर टीव्हीचा रिमोट फिरवत होती. सिंगापुरात, पुंगोलच्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी चहानंतर हा तमाशा चाले. रिमोट म्हणजे सोनोग्राफीचा प्रोब आणि मी म्हणजे पेशंट. मी तोंडाला येईल ती वाईट बातमी सांगायची, आणि मधूने चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणायचं, "श्वास घ्या. धरा. सोडा."

"मम्मा, युअर फेस सो ऑब्व्हियस, लाह," टेबलावर गृहपाठ करत बसलेली जाई म्हणाली. ही माझी नात, वय वर्षं दहा. आईचा चेहरा कुणीही वाचावा इतका उघडा आहे, हे तिला वही-पुस्तकातून मान वर न काढताही कळत होतं.

"ऐकलंस? पोरीला कळतं, तर पेशंटला नाही कळणार?" मी म्हटलं.

मधूने रिमोट खाली ठेवला आणि मनगट चोळत माझ्या पायाशी बसली. "आई, मला नाही जमणार हे. चेहरा काय नळ आहे का, हवा तेव्हा बंद करायला?"

"आहे. नळच आहे. मी सदतीस वर्षं बंद ठेवलाय."

हे सगळं का चाललं होतं ते सांगते. मधू सोनोग्राफर व्हायचं शिकत होती. लग्नाआधी नगरला ती एक्स-रे टेक्निशियन होती. आपल्याकडे सोनोग्राफीचा प्रोब डॉक्टरच हातात धरतात. टेक्निशियनने पेशंटला आत घ्यायचं, पोटाला जेल लावायचं आणि बाजूला उभं राहायचं. इथे सिंगापूरला तसं नाही. इथे सगळी तपासणी सोनोग्राफर करते, फोटो तीच काढते, आणि डॉक्टर ते बघून रिपोर्ट लिहितात. उन्मेष, म्हणजे माझा मुलगा, नोकरीसाठी इथे आला आणि त्याच्यामागे मधू आली. पहाटे सहाला तो जुरोंग आयलंडच्या कंपनीच्या बसला पळतो. मग जाई झाली. सात वर्षं बाईची डबे भरण्यात आणि शाळेच्या बसमागे धावण्यात गेली. आणि एक दिवस जेवता जेवता तिने जाहीर केलं, "मी पुन्हा शिकणार आहे. सोनोग्राफी."

उन्मेष म्हणाला, "अगं, चाळिशीला आलीस."

मी म्हटलं, "मग? प्रोब धरायला दुधाचे दात लागतात का?"

तेव्हापासून मी तिच्या पक्षात. स्वयंपाकघर मी घेतलं, जाईचा डबा मी घेतला. आधी तिने इथल्या नियमाप्रमाणे एक्स-रेची नोंदणी करून घेतली, एका हॉस्पिटलात वर्षभर काढलं, आणि मग त्या हॉस्पिटलानेच तिला दीड वर्षाच्या कोर्सला पाठवलं. काय अभ्यास करायची! सुरुवातीला येऊन रडायची, पडद्यावर नुसते ढग दिसतात म्हणायची. मग एक दिवस दुधीभोपळा चिरताना ओरडली, "आई, हा बघा आडवा छेद आणि हा उभा!" त्या दिवशी दुधीच्या चकत्या, फोडी, तिरके काप, सगळं ओट्यावर मांडून तिने मला अर्धा तास शिकवलं. भाजीत प्रत्येक फोड वेगळ्या आकाराची पडली. पण त्यानंतर तिला ढग दिसले नाहीत. यकृत बारीक रव्यासारखं दिसलं पाहिजे, म्हणायची, कुठे जाड दाणा दिसला की थांबायचं. मनगट सुजलं तरी हात सोडला नाही पोरीने. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की पुण्याला फोन केला की मी माझ्या तब्येतीऐवजी तिच्या मार्कांचंच सांगत बसे.

आणि शेवटच्या परीक्षेला ती नापास झाली.

परीक्षा हॉस्पिटलात, खऱ्या पेशंटवर. एक चिनी म्हातारी होती, पोट दुखतं म्हणून आलेली. मधू छान तपासत होती, आणि यकृतावर तिला काहीतरी वाईट दिसलं. हात थांबला. तोंड उतरलं. म्हातारी पडद्याकडे बघतच नव्हती, ती मधूकडे बघत होती. तिने मधूचं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "कॅन्सर, आह?" मधूच्या डोळ्यांत पाणी. मग म्हातारी जी रडायला लागली, ती कुणाला आवरेना. डॉक्टरांनी अजून एक फोटोही पाहिला नव्हता.

परीक्षक होत्या कोह मॅडम. बुटक्या, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कागद भरला आणि म्हणाल्या, "हँड्स पास. फेस फेल."

नियम असा, की सोनोग्राफरने पेशंटला काही सांगायचं नाही. तोंडानेही नाही आणि चेहऱ्यानेही नाही. कारण तिला दिसतं ते अर्धंच असतं, पूर्ण डॉक्टर सांगतात. मधूला अजून एकच संधी होती, सहा आठवड्यांनी. त्यातही नापास झाली तर कोर्समधून बाहेर, आणि हॉस्पिटलने ठेवलेली जागा दुसऱ्याला. मग पुन्हा एक्स-रेच्या खोलीत. त्या रात्री ती जेवलीच नाही. म्हणाली, "आई, मला माणसाचं वाईट दिसलं तर वाईट वाटणारच ना? त्यात माझं काय चुकलं?"

"वाईट वाटण्यात काही चुकलं नाही," मी म्हटलं. "दाखवण्यात चुकलं. उद्यापासून माझ्याकडे शिक."

मी पुण्याच्या तार ऑफिसात नोकरी केली. एकविसाव्या वर्षी लागले, आणि तार बंद झाली तेव्हा निवृत्तीला वर्ष उरलं होतं. आजकालच्या मुलांना तार म्हणजे काय हे सांगावं लागतं. सणाच्या शुभेच्छांच्या तारांना ठरावीक आकडे असत, आकडा पाठवला की मजकूर आपोआप. मरणाच्या बातमीला आकडा नव्हता. ती अक्षर अक्षर उतरून घ्यावी लागे. किती घरांचं वाईट त्या घरांच्या आधी मला कळलं असेल, मोजदाद नाही. आणि बोलायचं नाही, ही शपथ घेतलेली.

मधूला मी शुभाची गोष्ट सांगितली. कुणाला कधी सांगितली नव्हती. शुभा देवधर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, जिवाभावाची मैत्रीण. एकदा दुपारी मी तार उतरून घेत होते. पत्ता शुभाचाच. वडील वारले, ताबडतोब निघा. नियमाप्रमाणे तार सुपरवायझरकडे द्यायची, तेच तिला बोलावून सांगणार. आणि सुपरवायझर गेले होते चहाला. वीस मिनिटं मी ती तार घडी करून मुठीत धरली आणि शुभाशेजारी बसून राहिले. ती मला भावाच्या लग्नात नवऱ्या मुलीच्या आत्याने कसा गोंधळ घातला ते सांगत होती. मी हसले. खरंच हसले, कारण गोष्ट हसण्यासारखी होती.

"मग?" मधूने विचारलं.

"मग तिला कळलं. आणि मला आधी कळलं होतं हेही कळलं. वर्षभर बोलली नाही माझ्याशी. म्हणायची, तुला माहीत होतं आणि तू हसलीस?"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"अजून वाटतं. पण ती वीस मिनिटं शुभा सुखात होती. ती तिची होती, ती मी का घ्यायची?"

मधूने मनगट चोळलं. मग रिमोट उचलून म्हणाली, "झोपा परत."

शिकवायला लागले तेव्हा माझ्याही काही गोष्टी पहिल्यांदा लक्षात आल्या. मी म्हटलं, "चेहरा दगड करू नकोस. दगड बघून माणूस जास्त घाबरतं. आधी जेवढं हसत होतीस तेवढंच हसत राहा, तसूभर कमी नको, तसूभर जास्त नको. आणि हात थांबवू नकोस. कुठे जास्त वेळ लागणार असेल तर सगळीकडेच थोडा जास्त वेळ लाव." हळूहळू भुवई बसली. ओठ बसले. पाचव्या आठवड्यात मी म्हटलं, "तुझा बाप वारला," तर पोरगी शांतपणे म्हणाली, "श्वास घ्या, आई. धरा," आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन वडिलांना फोन करून आली. मीही जरा अतिच केलं, कबूल आहे.

परीक्षेचा दिवस उजाडला. शनिवार होता आणि संकष्टी होती. या वेळची परीक्षा त्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, पेशंटच्या जागी एक स्वयंसेवक. तो मधूनेच आणायचा, मात्र सहा तास पोटात काही नसलेला, कारण पोट रिकामं असेल तरच पित्ताशय भरलेलं आणि नीट दिसतं. शेजारच्या ब्लॉकमधली ऋचा तयार झाली होती. ही मुलगी इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते, अंगाने काडीपैलवान, म्हणजे तपासायला सोपी. मधू तयारीसाठी सकाळीच पुढे गेली. जाताना मला बजावून गेली, "आई, ऋचा अकराला येईल. तिला घेऊन या. आणि तिला काही खाऊ घालू नका."

"मी काय वेडी आहे का?"

आता संकष्टीला रात्री चंद्र बघून मोदकांचा नैवेद्य होणारच होता. पण परीक्षा दुपारी एकची. बाप्पाला काम दुपारचं सांगायचं आणि खायला रात्री द्यायचं, हे मला बरं दिसेना. म्हणून सकाळीच साजूक तुपातला शिरा केला, केळं घालून, देवापुढे ठेवला आणि मधूसाठी साकडं घातलं. मला स्वतःला काही घ्यायचं नव्हतंच. मी संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावर असते. साबुदाणा खाऊन करतात त्याला मी उपास म्हणत नाही, जिभेचे चोचले म्हणते.

ऋचा आली. तोंड एवढंसं झालेलं. देवाला नमस्कार केला, आणि मी सवयीने तिच्या तळहातावर शिरा ठेवला.

"काकू, मला खायचं नाहीये ना?"

"अगं, खायचं कुठे आहे? प्रसाद आहे हा. प्रसादाला नाही म्हणू नये."

तिने खाल्ला. मग एकदाच वाढू नये म्हणून मी पुन्हा ठेवला. बस्स. एवढंच. आमच्या घरात कुणीही याला खाणं म्हटलं नसतं. देवाच्या साक्षीने सांगते, माझ्या मनात तसूभरही शंका आली नाही.

टॅक्सीने आम्ही वेळेत पोचलो. लॅब अगदी दवाखान्यासारखी, थंडगार, अर्धा अंधार, मशीन, पलंग. ऋचा झोपली, मधूने जेल लावलं, प्रोब ठेवला. कोह मॅडम हाताची घडी घालून मागे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गणपतीचं नाव घेत बसलेली. पाच मिनिटं झाली असतील. मधू म्हणाली, "मॅडम, पित्ताशय आकसलेलं आहे. पेशंट उपाशी नाही असं वाटतं."

कोह मॅडम पुढे वाकल्या. "यू ईट?"

ऋचाने माझ्याकडे पाहिलं. "ओन्ली प्रसाद."

"व्हॉट इज प्रसाद?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी इंग्रजीत सांगितलं, थोडा रवा, थोडी साखर, थोडं केळं.

"अँड?"

"अँड घी," मी म्हटलं.

"हाऊ मच घी?"

मी पदर सारखा केला. रव्याइतकंच असतं शिऱ्यात तूप, पण ते तिथे कसं सांगणार? त्या दिवशी मला समजलं, की पोटात तूप गेलं की पित्ताशय स्वतःला पिळून रिकामं होतं. दुसरं काही खाल्लं असतं तर कदाचित निभावलं असतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही गणपतीच्याच प्रसादाने.

कोह मॅडम म्हणाल्या, नसलेल्या पित्ताशयाची परीक्षा मी कशी घेऊ? लॅब दोनपर्यंतच आहे, आणि निकालाच्या याद्या सोमवारी जातात. ऋचा रडकुंडीला आली. मी मधूकडे बघायचं धाडस केलं. मला वाटलं होतं, आता ही मला डोळ्यांनी जाळणार, आणि जाळलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. प्रोब पुसत होती आणि जेवढं आल्यापासून हसत होती, तेवढंच हसत होती. तो चेहरा बघून मला जास्त शरमल्यासारखं झालं. माझीच विद्या, आणि माझ्यावरच चालली.

मी उभी राहिले. "मॅडम, आय अॅम फास्टिंग. सिन्स यस्टरडे नाइट. ओन्ली वॉटर."

"नो प्रसाद?"

"नो प्रसाद. मून कमिंग, देन ईटिंग."

त्यांना चंद्राचं काही कळलं नाही, पण उपाशी कळलं. मधूला म्हणाल्या, "युअर मदर?"

"मदर-इन-लॉ," मधू म्हणाली.

मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं. "मदर-इन-लॉ? ईव्हन बेटर. हार्डर." मग ऋचाला म्हणाल्या, "यू गो ईट, लाह." आणि मला समजावलं, की पेशंट करतात तसे प्रश्न विचारत राहायचे, सोडायचं नाही. मराठीत विचारलं तरी चालेल, त्या चेहरे बघतील. मला काय, तेच हवं होतं.

मी झोपले. फॉर्मवर सही केली. जेल कोमट केलेलं होतं. मधूने पदर नीट खोचला, टॉवेल लावला, म्हणाली, "आई, आता मी सुरू करते. दुखलं तर सांगा."

मी तिला सोडलं नाही. काय दिसतंय गं? हे काळं काय? एवढा वेळ का लागतोय? काहीतरी लपवतेयस तू माझ्यापासून. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. खोटं बोलत होते, पण आवाज खरा काढत होते. आणि ती एकेका प्रश्नाला म्हणत होती, "तपासणी चाललीय, आई. फोटो डॉक्टर बघतील आणि तेच सांगतील." आवाज चढला नाही, उतरला नाही. पित्ताशय दिसलं, अगदी टपोरं भरलेलं, हे मॅडमच्या मान डोलावण्यावरून मला समजलं. मग यकृत. मग उजवी किडनी. मग म्हणाली, "उजव्या कुशीवर वळा, हात डोक्यावर घ्या. श्वास घ्या. धरा."

मी धरला. मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. सदतीस वर्षं माणसांचे चेहरे वाचलेत मी. काउंटरवर आलेला माणूस तारेत काय लिहिणार ते तो पेन उचलायच्या आधी ओळखायची. हात सगळीकडे फिरत होता तसाच फिरत होता. बटणाचा टक्‌ टक्‌ आवाज येत होता.

"सोडा. छान श्वास धरलात, आई," ती म्हणाली.

मग तिने जेल पुसलं, दोन वेळा, हात देऊन बसवलं, आणि एकदम उठू नका म्हणाली. कोह मॅडम मशीनजवळ जाऊन सगळे फोटो परत बघत राहिल्या. बराच वेळ. मधू हात मागे बांधून उभी.

"हँड्स, पास," मॅडम म्हणाल्या.

"आणि चेहरा?" मधूने इंग्रजीत विचारलं. आवाज पहिल्यांदाच थोडा हलला.

"आय लुक अॅट स्क्रीन. शी लुक अॅट यू. आस्क हर."

मी पलंगावर पाय सोडून बसले होते. ऊर भरून आला होता. मी म्हटलं, "मॅडम, नथिंग. आय कुड नॉट रीड एनीथिंग. नॉट वन वर्ड."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग सही केली. "देन पास." आणि जाता जाता मला म्हणाल्या, की आंटी, सगळ्याच स्वयंसेवकांचे फोटो डॉक्टर बघतात, काही असलं तर तुम्हाला फोन येईल.

घरी येताना मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मधूचा हात सोडला नाही. शिऱ्याबद्दल दहा वेळा माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "आई, तुमच्या बाप्पाला मला तुमच्यावरच परीक्षा द्यायला लावायची होती." उन्मेष केक घेऊन आला. जाई आईच्या गळ्यात पडली. चंद्र दिसल्यावर मधूने मला पानात मोदक वाढले, वर तूप सोडलं, आणि म्हणाली, अजून एक घ्या. मी पुण्याला तीन ठिकाणी फोन केले. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

बुधवारी फोन आला, दुपारीच हॉस्पिटलात या म्हणून.

उन्मेष रजा घेऊन आला, मधू होतीच. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. डाव्या किडनीवर गाठ आहे, सुपारीपेक्षा जरा मोठी. वाईट असण्याची शक्यता जास्त, पण वेळेवर सापडली आहे. तेवढा भाग काढून टाकू. "यू आर लकी," ते म्हणाले. "नो पेन, नो सिम्प्टम. नॉर्मली वी फाइंड टू लेट."

मी ऐकत होते, आणि माझ्या डोक्यात गाठ शिरतच नव्हती. माझ्या डोक्यात एकच. शनिवारी. उजव्या कुशीवर. डावी किडनी.

उन्मेष औषधांच्या खिडकीकडे गेला तेव्हा मी मधूला विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही श्वास धरला होतात तेव्हा."

"उन्मेषला सांगितलंस?"

"नाही. नक्की काय ते मला तरी कुठे माहीत होतं? डॉक्टरांच्या आधी नाही सांगायचं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, असा राग आला की हातातली पर्स फेकावी. चार दिवस! मी मोदक खात होते, माझ्या फुशारक्या मारत होते, मॅडमसमोर छाती फुगवून म्हणाले, काही दिसलं नाही. आणि ही माझ्या पानात तूप वाढत होती, हसत होती, आणि हिला माहीत होतं! शुभा का बोलली नाही वर्षभर, ते मला पंचेचाळीस वर्षांनी, त्या खुर्चीत बसून समजलं.

मग मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. चार दिवसांत दोन किलो तरी उतरली असेल. हे मला दिसलं नव्हतं, कारण तिने दिसू दिलं नव्हतं. चार दिवस मी मजेत होते. ते तिने मला दिले होते, स्वतःच्या पदरचे.

"मधू," मी म्हटलं, "मी वीस मिनिटं धरलं होतं गं. तू चार दिवस धरलंस."

आता मात्र तिचा बांध फुटला. हॉस्पिटलच्या त्या स्वच्छ लांबलचक कॉरिडॉरमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, लहान मुलीसारखी, सगळ्यांदेखत. मी तिला थोपटत राहिले. उन्मेष औषधं घेऊन आला तर त्याला कळेना, आजारी कोण आणि रडतंय कोण.

ऑपरेशन झालं. अर्धी किडनी गेली, उरलेली काम करते. आता सहा महिने झाले. परवा मी तपासणीला गेले होते, मधू नोकरी करते त्याच हॉस्पिटलात. तिच्या गणवेशावर तिचं नाव आहे, खाली सोनोग्राफर. मी ते जाता-येता वाचते. घरच्या माणसांना तपासायचं नाही असा इथे नियम आहे, म्हणून मला दुसरी मुलगी तपासणार होती आणि मी बाकावर बसून होते.

समोरच्या खोलीतून एक चिनी म्हातारी बाहेर आली, माझ्याच वयाची, ब्लाउजची बटणं लावत. मागे दारात मधू दिसली. तिने मला पाहिलं, मान हलवली, पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं आणि आत गेली.

म्हातारी माझ्या शेजारी बसली. चेहरा एकदम हलका झालेला. "व्हेरी नाइस गर्ल," ती म्हणाली. "होल टाइम आय लुक अॅट हर फेस. नथिंग! सो मस्ट बी नथिंग, राइट?"

मला काय माहीत, असेल की नसेल. मधूला माहीत होतं, आणि तिने दार लावून घेतलं होतं.

"शी इज माय डॉटर-इन-लॉ," मी म्हटलं.

"वा! यू मस्ट बी सो प्राउड."

"व्हेरी," मी म्हटलं. गडबडीत तिचं एक बटण चुकून भलत्याच काजात गेलं होतं. ते मी काढून नीट लावून दिलं.